मामा वाट चुकू नये म्हणून

माझ्या मामाने सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागे काढली आणि एकदाही वाट चुकला नाही, याचं सगळं श्रेय माझी माय स्वतःकडे घ्यायची. आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो. बाकीच्या घरांत पोरांची कटकट टाळायला हे म्हणतात आणि विसरून जातात. मायने ते कायद्यासारखं पाळलं. तिचं म्हणणं, बाकीच्या पोरांचे मामा घरून शेतात जातात आणि शेतातून घरी येतात, ते चुकून चुकून कुठे चुकतील? आपला मामा एसटीभर माणसं घेऊन तोरणमाळचा घाट चढतो. त्यामुळे लहानपणी मी तापाने फणफणलेलो असो की हातपाय आपटून रडत असो, दिवे लागेपर्यंत मायने मला कधी गोष्ट ऐकवली नाही. मामाला निवृत्त होताना शाल आणि नारळ मिळाला. ते घेऊन तो पहिल्यांदा आमच्या घरी आला, तेव्हा मायने शाल त्याला परत दिली आणि नारळ ठेवून घेतला.

“हाऊ नारळ मन्हा शे,” ती म्हणाली. मामानेही काही हरकत घेतली नाही.

निवृत्तीनंतर मामाने विसरवाडीला हायवेला लागून घर बांधलं, कारण ट्रकचा आवाज नसला तर त्याला झोप येत नाही. दर बाजाराच्या दिवशी तो एसटीने नंदुरबारला बहिणीकडे यायचा. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसायचा आणि गिअर कधी टाकायचा ते त्याला सांगायचा. त्या रूटचे ड्रायव्हर त्याला लांबून बघूनच कपाळाला हात लावत. घरी पोचला की दारातच वाकून माझ्या पाया पडायचा. आमच्यात भाचा म्हणजे देव. पण मी पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारा देव, आणि समोर सत्तरी ओलांडलेला माणूस वाकलेला. दर आठवड्याला मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं. मी खेकसायचो, तो हसायचा आणि पिशवीतून तुरीच्या शेंगा काढायचा.

तर अशा घरात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. पुण्याची एक संस्था लोककथा जतन करत होती. म्हातारी माणसं गोष्ट सांगणार, मशीन ती ऐकून शिकणार आणि मग शाळाशाळांत पोरांना अहिराणीत सांगणार. संस्थेचं पत्र आमच्या प्राचार्यांना आलं. आमच्या कॉलेजात जे काम कुणाला नको असतं ते मराठी विभागाचं असतं, म्हणून ते माझ्या टेबलावर येऊन पडलं. पाठोपाठ पुण्याची मॅडम आली. तिशीतली, शांत स्वभावाची, पाठीवर लॅपटॉप. मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर लाल मिरच्यांच्या पथाऱ्या वाळत पडल्या होत्या, आणि स्टेशनवर उतरल्यापासून ती बिचारी शिंकतच होती. तिने पिशवीतून केसाळ टोपडं घातलेला माइक काढून मायसमोर ठेवला.

“हाई मांजर कसाले आनं?” मायने विचारलं.

पहिला प्रयत्न रिवाजाप्रमाणे संध्याकाळी झाला. माय दिवा लावून बसली, मॅडमने मशीन सुरू केलं. पण संध्याकाळी आमच्या गल्लीत घराघरांतून मालिका सुरू असतात. मायच्या गोष्टीतली म्हातारी बी पेरायला लागली की शेजारच्या टीव्हीतली सासू सुनेला विष द्यायला निघायची. मशीनने दोन्ही गोष्टी श्रद्धेने एकत्र केल्या. मॅडम म्हणाली, हे चालणार नाही, रेकॉर्डिंग दुपारीच करावं लागेल, तेव्हा गल्ली गप्प असते.

“दिवसले मी तोंड उघडाव नही,” माय म्हणाली. “मन्हा भाऊ रस्तावर ऱ्हास.”

मी मायला समजावलं की मामा आता गाडी चालवत नाही. ती म्हणाली, चालवत नाही, पण बसतो तर. मी म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. ती म्हणाली, मग तुझ्या मामाची गाडी कधी चुकली ते सांग. गाडी तर खरोखरच कधी चुकली नव्हती. मॅडमने मात्र वाद घातला नाही. तिने अगदी अभ्यासूपणे विचारलं की नेमका कुणाचा मामा चुकतो, सांगणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा.

“ऐकनाराना.”

“मग ऐकणार तर मशीन आहे, आजी.”

माय विचारात पडली. “त्याले माय शे का?”

“नाही. त्याला कंपनीने बनवलंय.”

“मंग कंपनीले भाऊ शे का?”

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत एमए केलंय, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरला नव्हता. शेवटी आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की कंपनीला भाऊ नसतो, सबब मशीनला मामा नाही, सबब चुकायला कुणी नाही. मॅडमने ते वहीत लिहूनही घेतलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात माय माझ्याकडे बोट करून म्हणाली, “हाऊ आठे बसेल शे. ह्याले मामा शे.”

म्हणजे मी बाहेर. पण गोष्ट सांगताना समोरच्याने दर वाक्याला “हां” म्हणावं लागतं. समोरून हुंकार आला नाही तर मायची जीभ पुढे सरकत नाही. मॅडमने दोन दिवस खटपट करून मशीनला “हां” म्हणायला शिकवलं. मायचं वाक्य संपलं की मशीन पुणेरी बाईच्या आवाजात म्हणायचं, हां. मायला ते फार आवडलं. माझ्यासारखं हे डुलक्या घेत नाही, असं ती माझ्या तोंडावर म्हणाली. मग मला ओट्यावर बसवलं, आणि भिंतीतून ऐकू येईल म्हणून कानात कापूस घालायला लावला. स्वतःच्या घराच्या ओट्यावर, भर दुपारी, कानात कापूस घालून मी संस्कृतीचं जतन करत बसलो.

समोर मंडपवाले चाचा राहतात. त्यांच्या वाडवडिलांपासून गावातली सगळी लग्नं त्यांच्याच कापडाखाली लागली. ते माझ्याशी काहीतरी बोलले, मी नुसता हसलो. ते पुन्हा बोलले, मी पुन्हा हसलो. संध्याकाळपर्यंत मास्तरांना बहिरेपण आल्याची बातमी कॉलेजात पोचली, आणि प्राचार्यांनी मला जवळ बोलावून फार मोठ्याने धीर दिला.

एवढं करूनही मायचं मन खात होतंच. दिवस तो दिवस. मग तिनेच तोड काढली की दुपारची रात्र करू. तिने खिडक्यांना गोधड्या लावल्या, तरी फटीतून ऊन यायचं. चाचांना हकिगत सांगितली तेव्हा ते अजिबात हसले नाहीत. त्यांनी मंडपाचं जाड काळं कापड आणून अख्खी खोली आतून मढवून दिली. आत समई लावली, आणि दुपारी एक वाजता आमच्या घरात दिवेलागण झाली. आता माझ्याही कानातला कापूस निघाला, कारण रात्र म्हटल्यावर मामा सुरक्षित होता. फक्त गल्लीने मंडपाचं कापड भर दुपारी घरात जाताना बघितलं होतं. मागोमाग तीन बाया डोळ्यांना पदर लावत आल्या आणि कोण गेलं म्हणून विचारू लागल्या. माय आतून ओरडली, “कोनी मरेल नही, रात शे!” तेव्हा त्या जास्तच घाबरल्या.

त्या काळोखात माय जी गोष्ट सांगत होती ती तिच्या आजीची. एका गावात एक म्हातारी असते. एक दिवस तिचा भाऊ दाराशी येतो, त्याच्या मुठीत मिरचीचं बी असतं. म्हातारी ते बी पेरते. रोप येतं, मिरची लागते. एक पोपट ती मिरची चोरतो, उडता उडता शिंकतो, आणि मिरची पडते राजाच्या वरणात. राजा पहिला घास घेतो आणि रडायला लागतो. राजा रडतो म्हणून प्रधान रडतो, प्रधान रडतो म्हणून फौज रडते, सगळं नगर रडत बसतं आणि का ते कुणालाच माहीत नसतं. पुढे राणी त्याचं कारण शोधायला निघते. तिथून गोष्ट खूप लांब जाते.

त्या दिवशी बाजार होता आणि राणी नुकती वाड्याबाहेर पडली होती. माय एकदम थांबली. मशीन हां म्हणालं. “भाऊ उना नही अजून,” ती म्हणाली. खरंच, मामाची एसटी केव्हाच येऊन जायला हवी होती. मी फोन लावला, वाजत राहिला. विसरवाडीला मामाच्या सुनेला लावला. ती म्हणाली, सकाळीच निघाले, स्टँडवर सोडून आले मी. मायने समई उचलून खोलीभर फिरवली. मंडपाच्या कापडाला एका ठिकाणी खिळ्याचं भोक होतं. त्यातून उन्हाचा एक रुपयाएवढा ठिपका आत येऊन बरोबर माइकशेजारी पडला होता.

“दिवस घरमा घुसना,” माय म्हणाली.

चाचांना बोलावलं. ते भोक बघून ओशाळले. “मंडपले भोक ऱ्हासच, बाई,” एवढंच म्हणाले. मी चिडलो. म्हटलं, म्हातारा माणूस फोन उचलत नाही आणि तुम्ही भोकं कसली बघताय! मी मोटारसायकल काढतो, विसरवाडीला जाऊन येतो. माय म्हणाली, जा. पण मी काय करते तेही ऐकून जा. गोष्टीने त्याला वाटेवरून काढलंय, तर गोष्टच त्याला परत आणेल. मी ती उलटी सांगते. जिथे आहे तिथून मागे मागे जाते.

मी किक मारली तेव्हा आतून तिचा आवाज येत होता. राणी उलट्या पावली वाड्यात गेली. हां. नगर रडायचं थांबलं. हां. फौजेचे डोळे कोरडे झाले. हां.

विसरवाडीच्या चौफुलीवर मामा चहाच्या टपरीच्या बाकावर बसला होता. मांडीवर शेंगांची पिशवी. धडधाकट, काही झालेलं नाही. मी गाडी लावली आणि ओरडणारच होतो, पण त्याने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. बराच वेळ तो मला नुसता बघत होता. मग त्याचा चेहरा उजळला. तो उठला आणि तिथेच, ट्रक चाललेल्या रस्त्याच्या कडेला, वाकून माझ्या पाया पडला. पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही.

“तू उना तं याद उनं,” तो म्हणाला.

काय आठवलं, मी विचारलं. तो एसटीकडे बघत बोलला. नंदुरबारच्या गाड्या एकामागून एक गेल्या. “पाटी वाची मी. नंदुरबार. पन तठे मन्हं काय काम शे, तेच याद नही. मी गाडी चालाडनार शे का बसनार शे, ते भी समजे नही.” असं आधीही दोनतीनदा झालंय, तो म्हणाला, पण थोड्या वेळात जातं. आज गेलं नाही. मग माझा हात धरून तो म्हणाला, “भाच्या, आक्काले सांगू नको. गोटनीच चुकाडं, सांग. तिले ते चाली.”

गोष्टीनेच वाट चुकवली, हे त्याला सुचलं, कारण त्या काळ्या कापडाच्या उद्योगाची त्याला सगळी माहिती होती, मायनेच फोनवर सांगितलं होतं. मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं. वाटभर तो मला गिअर कधी टाकायचा ते सांगत होता, आणि सगळं बरोबर सांगत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीच्या पथाऱ्या जवळ आल्या तेव्हा मला रडायला कारण मिळालं.

घरी आलो तर दारात सगळी गल्ली आणि आत माय अजून बोलत होती. उलटी गोष्ट मागे मागे येत पार सुरुवातीला पोचली होती. राजाचं पाणी डोळ्यांत परत गेलं, मिरची वरणातून उठून पोपटाच्या चोचीत आली, पोपटाने ती झाडाला लावली, झाड जमिनीत गेलं, बी म्हातारीच्या हातातून भावाच्या मुठीत गेलं. आता एकच पायरी उरली होती, भाऊ मागच्या पावली आपल्या गावाला जातो. पण तसं म्हणावं तर मामा पुन्हा विसरवाडीला. म्हणून मायने गोष्ट तिथेच अडवून धरली होती. “भाऊ दारशी उभा शे,” ती म्हणत होती. हां, मशीन म्हणत होतं. “भाऊ दारशी उभा शे.” हां. मी गेल्यापासून परत येईपर्यंतचा बराच वेळ तिने एवढं एकच वाक्य म्हटलं होतं. तिचा घसा बसला होता. मॅडम शेजारी डोळे पुसत बसली होती, आणि मशीन काही बंद केलेलं नव्हतं.

मामा दाराशी उभा राहिला. मायने त्याला पाहिलं आणि थांबली.

“तुन्ही गोटनी माले सुरतना रस्ताले लाई दिधं,” मामा हसत म्हणाला.

“मन्हामुळे चुकना रे भाऊ,” माय रडत म्हणाली. पण मला दिसत होतं, तिच्या जिवातली धाकधूक गेली होती. चूक तिची होती म्हणजे उपायही तिच्या हातात होता. पुन्हा दिवसा गोष्ट सांगायची नाही, संपलं.

आता मशीनचं ऐका. मॅडम पुण्याला गेली आणि काही महिन्यांनी मला संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला. ते फार हरखून गेले होते. नंदुरबार परिसरात उलटकथनाची दुर्मिळ परंपरा सापडली आहे, शिवाय दाराशी थांबलेल्या भावाचा मंत्रासारखा घोष आहे, हे कुठल्या विधीशी निगडित आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ही परंपरा त्या दुपारीच सुरू झाली. ते म्हणाले, सर, मौखिक परंपरेचं वय असं सांगता येत नसतं. पुढे एका परिसंवादात त्यावर निबंध वाचला गेला. मायला बोलावणं आलं होतं. परिसंवाद दिवसा होता म्हणून ती गेली नाही.

मशीन शाळांत पोचलं तेव्हा तर कहरच झाला. मशीनने मायचं जे रेकॉर्डिंग सर्वांत जास्त वेळ ऐकलं होतं, तेच सर्वांत मन लावून शिकलं. कुठलीही गोष्ट सांग म्हटलं की ते शेवटापासून सुरू करायचं. मेलेला वाघ उठायचा, त्याच्या पोटातून शेळी निघायची, ती चरत चरत गोठ्यात जायची. आणि गोष्ट वाघाची असो, भुताची असो, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाची असो, शेवटी एक भाऊ दाराशी येऊन उभा राहायचा. आमच्या कॉलेजातली पोरं त्यावर हसून लोळायची. मला मात्र ते कधी नीट ऐकवत नसे.

मग मामा दुसऱ्यांदा चुकला. नंदुरबारला आला, पण आमच्याकडे यायच्याऐवजी स्टँडवरच शहाद्याच्या गाडीत चढला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. कंडक्टर ओळखीचा होता, त्याने हाताला धरून घरी आणून सोडलं. मामा आंघोळ करायला गेला तेव्हा माय माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मी तं तोंड उघडं नही. मंग कोनी सांगी?”

तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती मला बघवेना. मी म्हटलं, मशीनने. ते आता शाळांत दिवसाउजेडी गोष्टी सांगतं, तुझ्याच गोष्टी. ऐकणाऱ्याचाच मामा चुकतो, हे कलम त्या वेळी आम्ही दोघांनीही बाजूला ठेवलं. मायने तिथल्या तिथे मला मॅडमला फोन लावायला लावला. “पोर, ते दिवसले बंद ठेव. मन्हा भाऊ चुकी ऱ्हायना.”

पुण्यातल्या कुणीही हसून सोडून दिलं असतं. पण त्या बाईने ती दुपार आमच्या काळ्या खोलीत काढली होती. तिने आठवड्याभरात तशी सोय केली. नंदुरबारला सूर्य मावळल्याशिवाय मशीन गोष्ट सांगेनासं झालं. दिवसा बटण दाबलं की पडद्यावर यायचं, दिवे लागल्यावर या. संस्थेने त्याचंही कौतुक करून घेतलं, स्थानिक रिवाजाचा आदर म्हणून. फक्त शाळा दिवसा भरतात आणि संध्याकाळी बंद असतात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिक्षकांच्या तक्रारी माझ्याकडे येऊ लागल्या. मी प्रत्येकाला शांतपणे सांगायचो, माझा मामा वाट चुकतो हो. त्यातले बरेच जण आमच्याच भागातले. ते मान डोलवायचे आणि पुढे काही विचारायचे नाहीत.

तिसऱ्यांदा सुनेचा फोन आला. मामा विसरवाडीतच, दुकानावरून घरी येताना चुकला होता. दुकान आणि घर एकाच ओळीत आहे. लोकांनी त्याला हायवेच्या पलीकडून आणलं. माय परात पुढे घेऊन मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी सांगितलं ते तिने खाली मान घालून ऐकलं.

“मशिन बंद शे ना?”

“बंद शे.”

“तू सांगी का कोनले?”

“नही, माय.”

ती देठ खुडत राहिली. मी वाट बघत होतो की ती अजून काहीतरी काढेल. टीव्हीवाल्यांनी गोष्ट सांगितली असेल, पुण्याच्या परिसंवादात कुणी सांगितली असेल. मी प्रत्येक कारणाला हो म्हणायला तयार होतो. मनातल्या मनात मीच चारपाच कारणं रचून ठेवली होती. तिने एकही विचारलं नाही. परात संपली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “त्यानी गोधडी लई ये.”

मामा आमच्याकडे राहायला आला त्याला आता वर्ष होईल. पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला, त्याची खाट आहे. हायवे नाही, पण मिरचीच्या हंगामात ट्रक बरेच जातात. तो आता माझ्या पाया पडत नाही. मला साहेब म्हणतो आणि गाडी किती वाजता सुटणार ते विचारतो. मी सांगतो, उशीर आहे. मामा दाराकडे बघत उठायला लागला की माय दुपारी त्याच्याजवळ येऊन बसते आणि ती उलटी गोष्ट सांगते. उलटी गोष्ट दिवसा चालते, हे तिचं तिनेच ठरवलंय. राजाचं पाणी डोळ्यांत परत जातं, मिरची चोचीत, चोचीतून झाडाला. मामा दर वाक्याला हां म्हणतो. शेवटी भाऊ दाराशी येतो आणि माय त्याला तिथे धरून ठेवते. मग मामा दाराकडे बघायचा थांबतो. रोज असंच चालतं. मी कॉलेजातून लवकर आलो तर चपला काढून उंबऱ्यावर बसतो.

परवाही बसलो होतो. दार सताड उघडं, उन्हाचा पट्टा पार खाटेखाली आलेला.

“भाऊ दारशी उभा शे,” माय म्हणाली.

“हां.”

“भाऊ दारशी उभा शे.”

“मंग?” मामाने विचारलं.

मशीनने हे कधी विचारलं नव्हतं. उलट्या गोष्टीत पुढे एकच होतं, भाऊ मागच्या पावली आपल्या गावाला निघून जातो. मामा उत्तराची वाट बघत होता, लहान पोर बघतं तसा. मायने दाराबाहेरच्या उन्हाकडे एकदा पाहिलं. मग खाटेवर नीट मांडी घालून ती त्याच्याकडे वळली.

“मंग काय,” ती म्हणाली. “म्हतारी बोलनी, भाऊ, घरमा ये. भाऊ घरमा उना. त्यानी मूठ उघाडी, तं मूठमा मिरचीनं बी.”

“हां.”

ती गोष्ट सुलटी सांगत होती. भर दुपारी, उघड्या दारात, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी न राहवून म्हणालो, “माय, दिवस शे.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मामाच्या अंगावरची गोधडी सारखी करत ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. आते कोठे जाई तो, आठेच तं शे.”

आणि तिने बी पेरलं.

“हां,” मामा म्हणाला.